रामूकाकांनी मालक व्हायचं ठरवलं तर?

हिंदी सिनेमा पाहणाऱ्या प्रत्येकाला रामूकाका ठाऊक आहेत. खांद्यावर पंचा, मान किंचित झुकलेली, तोंडात सदैव ‘जी मालिक’. धाकट्या मालकाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं असतं. घरावर संकट आलं की मालकांच्या आधी त्यांचेच डोळे भरून येतात. रामूकाकांना आडनाव नसतं. गाव असलं तरी ते कुणाला माहीत नसतं. बायको-मुलं असली तरी ती पडद्यावर येत नाहीत. आणि पगार किती, हे तर तीन तासांत कोणीच विचारत नाही.

जुन्या मुंबईत ही गोष्ट पडद्यापुरती नव्हती. कोकणातून पोटासाठी आलेला गडी गावाकडे धोंडू असो की शंकर, मुंबईच्या शेठियांच्या घरात तो ‘रामा’च असायचा. आधीचा रामा गेला की नवा रामा यायचा. नाव विचारण्याची गरज कुणाला वाटत नसे, कारण घराला माणूस नको होता, दोन हात हवे होते.

अशा रामाच्या मनात एके दिवशी आलं, की आपण नोकर म्हणून जन्मलो असू, पण नोकर म्हणून मरायचं नाही, तर काय होईल? हा प्रश्न भारतीय लेखकांनी वारंवार हाताळला आहे. त्याची उत्तरं मात्र काळागणिक बदलत गेली. ती बदलत कशी गेली हे पाहणं म्हणजे आपल्याच घराच्या मागच्या दाराकडे पाहणं आहे.

मिठाला जागण्याची किंमत

रवींद्रनाथ टागोरांची ‘खोकाबाबूर प्रत्यावर्तन’ ही कथा 1891 सालच्या सुमाराची. रायचरण हा इमानी नोकर. मालकाचा लहानगा मुलगा त्याच्या देखरेखीखाली असताना फुलासाठी हट्ट धरतो. रायचरण फूल आणायला जातो आणि तेवढ्यात मूल पद्मा नदीत नाहीसं होतं. मालकीण त्याच्यावरच संशय घेते. रायचरण गावी परततो. पुढे त्याला स्वतःला मुलगा होतो आणि धाकटे मालकच आपल्या पोटी परत आले, अशी त्याची समजूत होते. मग तो पोटच्या पोराला बाप म्हणून नव्हे, चाकर म्हणून वाढवतो. स्वतः अर्धपोटी राहून त्याला बाबूंच्या पोरासारखे कपडे घालतो, शिकवतो. शेवटी त्याला मालकाच्या हाती देऊन सांगतो, की तुमचा मुलगा मीच चोरला होता.

मालक मुलगा ठेवून घेतात आणि रायचरणला दाराबाहेर काढतात. मुलगा मोठ्या मनाने म्हाताऱ्याला दरमहा काही पैसे पाठवायला सांगतो. पहिलीच मनीऑर्डर परत येते. त्या नावाचा माणूस गावात नसतो.

या कथेत नोकराला महत्त्वाकांक्षा आहे का? नीट पाहिलं तर आहे. त्याचा मुलगा खरोखरच कोठीतला बाबू होतो. एका पिढीत नोकराचं घर मालकाच्या पंगतीला बसतं. पण त्यासाठी बापाला आपलं बापपण खोडून टाकावं लागतं आणि चोरीचा आळ स्वतःच अंगावर घ्यावा लागतो. वर चढण्याचा दुसरा जिना त्या घराला नव्हताच.

त्यानंतर साडेचार दशकांनी, 1936 मध्ये, मुल्कराज आनंद यांची ‘कुली’ ही इंग्रजी कादंबरी आली. तिचा नायक मुन्नू हा कांगड्याच्या डोंगरातला पोरका पोरगा. तो आधी एका बँकेतल्या बाबूच्या घरी घरगडी होतो. नंतर लोणच्यांच्या कारखान्यात मजूर, मग मुंबईच्या कापडगिरणीत कामगार, आणि अखेर सिमल्यात एका मडमेची रिक्षा ओढणारा. घर, कारखाना, गिरणी, थंड हवेचं ठिकाण... सगळा हिंदुस्थान फिरून होतो, पण मुन्नूची पायरी बदलत नाही. मिसरूड फुटायच्या वयात तो क्षयाने मरतो. शहर बदललं, धंदा बदलला, मालक बदलला म्हणजे नशीब बदलतं, या भाबड्या आशेला आनंद यांनी दिलेलं हे उत्तर होतं.

स्वातंत्र्यानंतर ही गोष्ट संपायला हवी होती. पण 1979 मध्ये हिंदीत विनोदकुमार शुक्ल यांची ‘नौकर की कमीज’ आली. तिचा नायक घरगडी नाही, सरकारी कचेरीतला कारकून आहे. साहेबांच्या बंगल्यावर आदर्श नोकराच्या मापाची एक कमीज शिवून ठेवलेली आहे. नोकर निघून गेला तरी ती कमीज तशीच राहते. ज्याच्या अंगाला ती बसेल तो नोकर! आणि ती नेमकी या कारकुनाच्या अंगाला बसते. शुक्लांनी कुठेही आवाज चढवला नाही, पण मध्यमवर्गीय वाचकाला अंगावरचा शर्ट तपासून पाहायला लावला. मणी कौल यांनी 1999 मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. 2024 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार शुक्लांना जाहीर झाला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा आठवली ती ही कमीजच.

लक्ष्मणगढचा बलराम

रायचरण सहन करतो. मुन्नू मरतो. कारकून अंगावरच्या कमीजीत घुसमटतो. 2008 मध्ये मात्र एक असा नोकर आला, ज्याने यातलं काहीही करायला नकार दिला. त्याचं नाव बलराम हलवाई आणि कादंबरीचं नाव ‘द व्हाइट टायगर’. म्हणजे पांढरा वाघ.

लेखक अरविंद अडिगा यांचा जन्म 1974 चा, मद्रासचा. ते वाढले मंगळूरला, पुढे ऑस्ट्रेलियात गेले आणि न्यूयॉर्क व ऑक्सफर्डला शिकले. ‘टाइम’ साप्ताहिकाचे वार्ताहर म्हणून ते भारतभर हिंडले. ही त्यांची पहिलीच कादंबरी. तिला त्याच वर्षीचं बुकर पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यांचं वय होतं 33.

बलराम बिहारातल्या गया जिल्ह्याच्या बाजूच्या लक्ष्मणगढ नावाच्या गावचा. बाप सायकलरिक्षा ओढतो. घरात पोराला नुसतं ‘मुन्ना’ म्हणतात. नाव ठेवायला कुणाला सवडच झालेली नाही. शाळेत घातल्यावर मास्तर त्याचं नाव बलराम ठेवतात. तेच मास्तर मुलांच्या जेवणाचे पैसे खातात, पण पोराला नाव देऊन जातात. एकदा शाळेची तपासणी होते. सगळ्या वर्गात एकट्या बलरामला वाचता येतं. तपासनीस खूश होऊन म्हणतात, की हा पोरगा जंगलातल्या पांढऱ्या वाघासारखा आहे, पिढीत एखादाच जन्मतो. ते शिष्यवृत्तीचं आणि खऱ्या शाळेचं आश्वासन देतात.

ती शाळा कधी येत नाही. चुलत बहिणीच्या लग्नात हुंड्यासाठी जमीनदाराकडून कर्ज काढलेलं असतं. ते फेडायला बलरामला शाळेतून काढून चहाच्या दुकानात कोळसा फोडायला आणि टेबलं पुसायला बसवतात. बापाला क्षय होतो. सरकारी इस्पितळात डॉक्टरच नसतो. बाप तिथेच फरशीवर प्राण सोडतो. आपलं पोर तरी माणसासारखं जगावं, एवढीच त्याची इच्छा होती.

बलराम धनबादला जातो. तिथे टेबलं पुसता पुसता गिऱ्हाइकांच्या गप्पा कान देऊन ऐकतो. ड्रायव्हरला पगार चांगला मिळतो हे कळल्यावर गाडी शिकतो. मग घरोघरी हिंडत ज्या फाटकापाशी पोहोचतो, ते फाटक असतं त्याच्याच गावच्या जमीनदाराचं. गावाने या जमीनदारांना प्राण्यांची नावं ठेवलेली आहेत. एक रानडुक्कर, एक डोमकावळा, एक रेडा, आणि हा करकोचा. करकोच्याचा धाकटा मुलगा अशोक नुकताच अमेरिकेहून बायकोला, पिंकी मॅडमना घेऊन परतलेला असतो. बलरामला नोकरी मिळते. पण नोकरी म्हणजे नुसतं सुकाणू धरणं नव्हे. मालकाचे पाय गरम पाण्यात बुडवून चेपायचे, बाजार करायचा, फरशी पुसायची, कुत्री धुवायची. घरात मोठी होंडा सिटी चालवणारा एक जुना ड्रायव्हर असतो. तो खरा मुसलमान असून पोटासाठी हिंदू नावाने राहतोय, हे बलराम हेरतो. ते उघड होताच जुना माणूस निघून जातो आणि बलराम मोठ्या गाडीत बसतो, दिल्लीला जातो.

हा प्रसंग महत्त्वाचा आहे. बलराम पहिली पायरी चढतो ती मालकाच्या नव्हे, आपल्यासारख्याच दुसऱ्या नोकराच्या खांद्यावर पाय देऊन. अडिगा आपल्या नायकाला देव करत नाहीत.

खुराड्याला कुलूप नाही

दिल्लीजवळच्या गुडगावमध्ये (2016 पासून गुरुग्राम) एका उंच इमारतीत मालक वर राहतात आणि बलराम तळघरात, नोकरांच्या खोल्यांत, झुरळांच्या सोबतीने. वरची घंटा वाजली की धावायचं. इथे तो एक विलक्षण विचार मांडतो आणि साऱ्या कादंबरीचं मर्म त्या विचारात आहे.

जुन्या दिल्लीत जामा मशिदीच्या मागे कोंबड्यांचा बाजार आहे. खुराड्यात कोंबड्या दाटीवाटीने कोंबलेल्या असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक कोंबडी कापली जाते. रक्ताचा वास त्यांना येतो. पुढचा नंबर आपला हेही कळतं. तरी एकही बंड करत नाही. बलराम म्हणतो, या देशातल्या नोकरांचं असंच आहे. ड्रायव्हरच्या हाती लाखो रुपयांची बॅग देऊन मालक निर्धास्त असतो. ती ड्रायव्हरने आयुष्यभरात कधी पाहणार नाही एवढी रक्कम असते, पण तो तिला हात लावत नाही.

का लावत नाही? प्रामाणिकपणा हे अर्धंच उत्तर आहे, असं बलरामला वाटतं. उरलेलं उत्तर आहे त्याचं कुटुंब. नोकर पळाला तर गावाकडची माणसं मालकाच्या तावडीत असतात. लक्ष्मणगढात हे घडून गेलं होतं. एका जमीनदाराचं मूल पळवलं गेलं, नोकरावर संशय आला आणि त्या नोकराच्या घरातलं एकही माणूस वाचलं नाही. म्हणून खुराड्याला कुलूप लागत नाही. आई, बाप, भाऊ, पुतण्या हेच कुलूप!

गंमत अशी, की कुटुंब दोन्ही बाजूंनी ओढतं. गावाकडून आजीची पत्रं येत राहतात. पैसे पाठव, लग्नाला उभा राहा, नाहीतर तुझ्या मालकाला कळवते. ज्यांच्यासाठी राबायचं, तीच माणसं पायातली बेडीही असतात. घरापासून दूर राबलेल्या प्रत्येक गड्याला हे दुखणं माहीत असेल. मनीऑर्डर करायची ती प्रेमाने, आणि ती चुकली तर झोप लागत नाही ती धाकाने.

एका रात्री पिंकी मॅडम दारूच्या नशेत स्वतः गाडी चालवायला घेतात. गाडीखाली काहीतरी येतं. फुटपाथवर झोपणाऱ्या कुणा गरिबाचं लेकरू असावं. दुसऱ्या दिवशी बलरामला प्रेमाने बसवून घेतात, पान खायला देतात आणि एका कागदावर सही करायला सांगतात. गाडी मीच चालवत होतो, गाडीत दुसरं कोणी नव्हतं, असा तो जबाब! पोलिसांत तक्रारच होत नाही म्हणून तो कागद वापरावा लागत नाही, एवढंच. कागद वापरावा लागणार नाही, हे त्याला लगेच सांगायचंही कुणाला सुचत नाही. कारण नोकर रात्रभर तळमळत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

दयाळू मालकाचं काय?

वाचक इथे म्हणेल, की मालक दुष्ट होते, मग नोकर बिघडला यात नवल काय? पण अडिगांनी प्रश्न इतका सोपा ठेवलेला नाही. बलराम ज्याचा खून करतो तो अशोक त्या घरातला सगळ्यात चांगला माणूस आहे.

एक प्रसंग फार बोलका आहे. अशोकचा थोरला भाऊ, ज्याला बलराम मनात मुंगूस म्हणतो, गाडीतून उतरताना एक रुपयाचं नाणं पाडतो. लाखोंची लाच वाटणारा हा माणूस त्या एका रुपयासाठी बलरामला गुडघ्यांवर बसवून गाडीची फरशी चाचपायला लावतो. नाणं काही सापडत नाही. शेवटी बलराम स्वतःच्या खिशातला रुपया काढून ‘सापडला’ म्हणून देतो. अशोकला असं वागणं आवडत नाही. तो बलरामशी हसून बोलतो, त्याची विचारपूस करतो, त्याला मारत नाही. पण खोट्या जबाबाच्या वेळी हाच अशोक मान खाली घालून गप्प बसतो. पुढे पिंकी मॅडम मध्यरात्री नवऱ्याला सोडून निघतात, तेव्हा विमानतळावर सोडणाऱ्या बलरामच्या हातात पैशांचं पाकीट ठेवतात. आत 4,700 रुपये निघतात. ती रक्कम मोजताना बलराम विचार करत राहतो, की त्यांच्या मनात आधी किती द्यायचं आलं असेल आणि कमी करत करत ते इथवर कसे आले असतील.

दया ही अशी असते. देणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे वाढते आणि मर्जीप्रमाणे कमी होते. ज्याच्याकडे हक्क नाही, त्याला दुसऱ्याच्या मर्जीवर रोजचा दिवस काढावा लागतो.

अखेर बलराम एका पावसाळी रात्री गाडीचं चाक बिघडल्याचं निमित्त करून अशोकला खाली उतरवतो आणि विदेशी दारूच्या फुटक्या बाटलीने त्याला मारतो. मंत्र्यांना लाच द्यायला काढलेले सात लाख रुपये घेऊन, सोबत आलेल्या पुतण्याला धर्मला घेऊन तो बंगळूर गाठतो. मागे राहिलेल्या आपल्या माणसांचं काय होणार, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. त्या पैशांतून पोलिसांना लाच देऊन तो कॉलसेंटरच्या कर्मचाऱ्यांना रात्री घरी सोडणाऱ्या गाड्यांचा धंदा उभारतो. नावही बदलतो. नवं नाव अशोक! सात रात्री जागून चीनच्या पंतप्रधानांना तो जे लांबलचक पत्र लिहितो, तीच ही कादंबरी.

पण खरी मेख शेवटी आहे. बंगळूरमध्ये बलरामच्याच एका ड्रायव्हरच्या गाडीखाली सायकलवरचा एक मुलगा सापडतो. बलराम पोलिसांना सांभाळून प्रकरण मिटवतो. फरक एवढाच, की तो त्या मुलाच्या घरी जातो, पंचवीस हजार रुपये देतो आणि भावाला नोकरी देऊ करतो. पूर्वीच्या मालकांनी एवढंही केलं नव्हतं. बलराम तेवढ्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतो. वाचकाला मात्र प्रश्न पडतो. पिंजऱ्यातून सुटलेला वाघ शेवटी पिंजऱ्याचा मालकच झाला, तर बदललं काय?

या कादंबरीवर आपल्याकडे टीकाही पुष्कळ झाली. परदेशात शिकलेल्या लेखकाने इंग्रजी वाचकांसाठी भारताची काळी बाजू रंगवली, ज्या पोराला इंग्रजी येत नाही त्याच्या तोंडी इतकी चटपटीत इंग्रजी कशी, असे आक्षेप आले. त्यात तथ्य नाही असं नाही. हलवायाचं पोर बोलतं त्यामागे अनेकदा पत्रकाराचा आवाज ऐकू येतो. पण कोंबड्यांच्या खुराड्याची उपमा खोटी आहे, असं मात्र फारशा कुणाला म्हणता आलं नाही.

2021 च्या जानेवारीत कादंबरीवरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शक रामिन बहरानी हे अडिगांचे कॉलेजपासूनचे मित्र. कादंबरी त्यांनाच अर्पण केलेली आहे. बलराम झाला आदर्श गौरव, अशोक राजकुमार राव आणि पिंकी मॅडम प्रियांका चोप्रा. गावाचं रक्त शोषणारा करकोचा उभा केला तो आपल्या महेश मांजरेकरांनी. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं.

अडिगांच्या आगेमागे आणखी दोन कादंबऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या अंगाने विचारला. किरण देसाई यांच्या ‘द इन्हेरिटन्स ऑफ लॉस’ला 2006 चं बुकर मिळालं. कालिम्पाँगमधल्या निवृत्त न्यायाधीशाचा म्हातारा स्वयंपाकी आपल्या मुलाला, बिजूला, अमेरिकेला पाठवतो आणि गावभर मिरवतो. बिजू न्यूयॉर्कमध्ये चोरून राहतो, एका हॉटेलच्या भटारखान्यातून दुसऱ्या भटारखान्यात ढकलला जातो. बापाने एका बंगल्यात केलं तेच काम पोरगा परदेशात करतो. परत येतो तो वाटेत लुटला जाऊन, अंगावरच्या कपड्यांनाही मुकून.

त्याच सुमारास थ्रिटी उमरीगर यांची ‘द स्पेस बिटवीन अस’ आली. ती तर मुंबईचीच गोष्ट. सेरा दुबाश ही पारशी मालकीण आणि झोपडपट्टीत राहणारी तिची मोलकरीण भीमा. दोघी रोज एकत्र चहा घेतात, मनातलं बोलतात. पण सेरा टेबलाशी खुर्चीवर आणि भीमा फरशीवर उकिडवी. भीमाची कपबशीसुद्धा वेगळी. भीमाच्या नातीच्या कॉलेजचा खर्च सेराच करते. या शिक्षणावरच भीमाची सारी आशा. पण त्या नातीवर जो प्रसंग येतो, त्याला जबाबदार निघतो सेराचा स्वतःचा जावई. सत्य बाहेर येतं तेव्हा सेरासमोर दोन वाटा असतात. ती घर निवडते आणि भीमाला घराबाहेर काढते. वर्षानुवर्षांची माया त्या चहाच्या टेबलाची उंची ओलांडू शकत नाही.

त्याच गुडगावातली एक वही

मग नोकराने वर यायचं ते खून करूनच का? कादंबरीतल्या बलरामला दुसरी वाट दिसली नाही. पण ज्या गुडगावात अडिगांनी बलरामला ठेवला, त्याच गुडगावात एका खऱ्या मोलकरणीला दुसरी वाट सापडली होती.

तिचं नाव बेबी हालदार. लहानपणी आई सोडून गेली, बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न झालं, पाठोपाठ तीन मुलं. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून ती एक दिवस मुलांना घेऊन दुर्गापूरहून आगगाडीत बसली आणि दिल्लीकडे आली. घरकामं करता करता ती गुडगावला प्रबोधकुमार यांच्याकडे कामाला लागली. हे मानववंशशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि मुन्शी प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांच्या कपाटावरची धूळ पुसताना बाई बंगाली पुस्तकांपाशी रेंगाळते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला तसलिमा नसरीन यांचं आत्मचरित्र वाचायला दिलं आणि मग एक वही आणि पेन. म्हणाले, तुझं आयुष्य लिही.

दिवसभराची कामं उरकून, मुलं झोपल्यावर ती लिहू लागली. शब्द अडायचे, हात अवघडायचा, पण वही भरत गेली. ‘आलो आँधारि’ म्हणजे उजेड आणि अंधार, हे तिचं आत्मकथन 2002 मध्ये आधी हिंदीत प्रसिद्ध झालं. 2006 मध्ये उर्वशी बुटालिया यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. पुढे या आत्मकथनाचा भाग अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात गेला.

प्रबोधकुमारही दयाळू मालकच होते. मग अशोकच्या दयेत आणि यांच्या दयेत फरक काय? अशोकने बलरामला जे दिलं, ते सगळं त्याच्या मर्जीवर होतं आणि कधीही परत घेता येण्यासारखं होतं. प्रबोधकुमारांनी दिली ती वही भरल्यावर बाईची झाली. लिहिता येणं ही अशी गोष्ट आहे, की मालक रागावला, नोकरी सुटली, शहर सोडावं लागलं तरी ती आपल्याबरोबर येते.

आणि जे एका मालकाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही, त्यासाठी एकजूट लागते. पुण्याच्या मोलकरणींनी हे बलरामच्या कितीतरी आधी, 1980 साली दाखवून दिलं. पगार आणि सुट्टीसाठी त्यांनी चक्क संप केला, संघटना बांधली. सकाळची भांडी मोरीत पडून राहिली तेव्हा अनेक घरांना पहिल्यांदाच कळलं, की आपल्या घराचं घड्याळ कोण चालवतं. बलरामला पारितोषिक मिळालं त्याच 2008 साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला आणि घरकाम करणाऱ्या बाईची ‘कामगार’ म्हणून नोंद होण्याची सोय झाली. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी करार केला. साप्ताहिक सुट्टी, कामाच्या स्पष्ट अटी, किमान वेतन, असं साधंच त्यात आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कायदा मंडळाच्या दारापर्यंत नेतो, पण स्वयंपाकघराच्या दारातून आत यायला त्याला फार वेळ लागतो. तिथे घरातल्या माणसांचाच कायदा चालतो.

‘द व्हाइट टायगर’च्या अखेरीस बलरामजवळ पैसा आहे, गाड्या आहेत, छताला झुंबर आहे. पुढे काय करायचं, तर त्याच्या डोक्यात एक बेत घोळतो. हा धंदा विकून गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढायची. पुतण्या धर्मला तर त्याने शाळेत घातलेलंच आहे. खुनी माणसाचंही शेवटचं स्वप्न शाळेचं असावं, हे वाचताना मन थबकतं. चहाच्या दुकानात कोळसा फोडायला बसवलेला तो पोरगा मनाने अजून त्या वर्गातच उभा आहे, तपासनीसासमोर, हातात पुस्तक घेऊन.

मे महिन्याच्या सुट्टीत कामवाल्या बाईबरोबर तिची मुलगी येते. आई भांडी घासते, ती विसळते. चार घरं फिरून झाली की दुपारी मायलेकी परततात. जूनमध्ये शाळा उघडल्यावरही ती मुलगी विसळायला येत राहिली, तर ‘का गं, शाळा नाही का?’ एवढं विचारून थांबू नये. उत्तर ऐकून घ्यावं. बहुतेक वेळा ते कर्जाचं, आजारपणाचं किंवा कुणाच्या तरी लग्नाचं असतं. लक्ष्मणगढात होतं तसंच.